शुक्रवारची सुई

दुपारचे तीन वाजून गेले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जेवायला विसरले आहे. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त बोटवाला बसला होता, त्याच्या उजव्या कानात मी नवं यंत्र बसवत होते, आणि खणातून बारीक पेचकस काढताना हाताला माझा डबा लागला. जड. मी तो तसाच धरून राहिले. सकाळी स्वतः भरलेला डबा, काळ्या पावाचे दोन तुकडे, एकावर खारवलेला हेरिंग मासा आणि एकावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, सगळं जिथल्या तिथे. "काय झालं?" बोटवाल्यानं विचारलं. "काही नाही. माझा आवाज कसा येतोय?" "ओरडतेयस," तो म्हणाला, "घरात आग लागल्यासारखी." ऐकू यायला लागलं की पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. बावन्न वर्षांत मी छत्र्या विसरले आहे, विम्याचे हप्ते विसरले आहे, एकदा नवऱ्याचा वाढदिवस विसरले (तो आता नवरा नाही, पण त्यामुळे नाही). जेवण कधीही विसरले नव्हते. बोटवाला बिचारा घाबरला. यंत्र बिघडलं असं त्याला वाटलं असणार. मी त्याला कागदी रुमाल द्यायच्या ऐवजी स्वतःच घेतला आणि नाक पुसलं.

लोकांना वाटतं, जाड माणसाला भूक जास्त लागते. भूक तर सगळ्यांना लागते, ती येते, खाल्लं की जाते. माझ्याकडे होतं ते वेगळंच. ते बोलायचं. न्याहरी करता करता दुपारी काय आहे ते विचारायचं, दुपारी जेवताना बेकरीसमोरून जायचं की मागच्या गल्लीनं यावर वाद घालायचं, बेकरीसमोरून गेलं की लाज काढायचं आणि मागच्या गल्लीनं गेलं की बेकरीची आठवण काढायचं. माझ्याकडे कानात सतत शिटी वाजणारे लोक येतात. त्यांना मी आधी विचारते, शांतता कशी होती ते आठवतंय का? ज्यांची शिटी लहानपणापासूनची असते ते गोंधळून बघत राहतात. त्या बुधवारी, खणात हात घालून बसलेली असताना, मी त्यांच्यातलीच एक होते. डोक्यात कोणी बोलत नव्हतं. खिडकीबाहेरची बस ऐकू येत होती, बोटवाल्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मी वाट बघत होते की आता सुरू होईल, आता होईल. घरी येईपर्यंत झालं नाही. आधीच्या शुक्रवारी मी पहिली सुई घेतली होती, सगळ्यात लहान मात्रेची, आणि पहिल्या मात्रेवर फार काही होत नाही असं मला बजावून सांगितलेलं होतं.

सुई मी थोरकिलसाठी घेतली. हे मी सगळ्यांना सांगत असे, न विचारता सांगत असे. थोरकिल माझा धाकटा भाऊ. घशाच्या साध्या दुखण्यानंतर त्याच्या मूत्रपिंडांना सूज आली, ती उतरली नाही, आणि गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेऊन पडलेला असतो. आधी ट्रक चालवायचा, हॅम्बुर्गपर्यंत जाऊन यायचा. आता जिना चढला की मधेच पायरीवर बसतो आणि जणू बूट बांधायलाच बसला आहे असं दाखवतो. अनोळखी मृताची किडनी मिळण्याच्या यादीत त्याचं नाव होतं, पण त्याच्या रक्ताशी जुळणारी कमी, यादी लांब. माझं रक्त जुळत होतं. मी लगेच म्हणाले, माझी घे. तो म्हणाला, "नको. तुला सुरीखाली झोपवून मी काय जगू?" मी त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तपासण्या करून घेतल्या. दात्यांच्या विभागात ट्रोल्स नावाचा नर्स होता, लाल दाढीचा, गोड बोलणारा. त्यानं कागद बघितले आणि म्हणाला, "सोल्वाइ, तुझ्या किडन्या नमुनेदार आहेत. पण या वजनावर सर्जन तुला हात लावणार नाहीत. तुझ्याच जिवाला धोका आहे. निदान सोळा किलो उतरव, मग ये." मी बाहेर येऊन सायकलच्या स्टँडपाशी उभी राहिले. हे शरीर मी आयुष्यभर इकडून तिकडे वाहिलं, आणि आता त्यातलं काही फुकट द्यायला निघाले तर ते कोणी घ्यायला तयार नाही. थोरकिलला फोन केला तर तो चक्क खूश झाला. "बघ," म्हणाला, "चरबीनंच वाचवलं तुला." मी फोन ठेवला तेव्हा इतकी चिडले होते की सायकलचं कुलूप उघडेना.

सोळा किलो मी याआधी चार वेळा उतरवले होते आणि पाच वेळा चढवले होते. कोबीचं सूप, काठ्या घेऊन चालणं, दर सोमवारी गटात बसून टाळ्या वाजवणं, सगळं झालेलं. म्हणून ट्रोल्सनं आठवड्यातून एकदा घ्यायच्या, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं नाव काढल्यावर मी आधी नाक मुरडलं. ते आळशांचं औषध आहे, असं आमच्या कँटीनमध्ये सगळे म्हणत. मीही म्हटलं होतं, तोंडात बिस्किट असताना. डॉक्टरनं लिहून दिलं आणि औषधांच्या दुकानातल्या बाईनं किंमत सांगितली तेव्हा मी तिला पुन्हा विचारलं. महिन्याला हजाराच्या वर क्रोनर, मात्रा वाढेल तशी किंमतही वाढणार, आणि सरकार एक पैसा देणार नाही, कारण मला मधुमेह नाही. हे औषध बनवणाऱ्या कंपनीचे शेअर विकून माझ्या शेजाऱ्यानं नवं स्वयंपाकघर बांधलं होतं. मला क्षणभर वाटलं, त्याच्या ओट्याची एक फरशी मीच बसवतेय. उन्हाळ्यात समुद्रावरचं घर आठवडाभर भाड्यानं घ्यायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. थोरकिलला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुझी किडनी मी हप्त्यांवर घेतोय म्हण की." "घेतोयस ना पण?" मी लगेच पकडलं. या वेळी त्यानं नको म्हटलं नाही. त्याच्याकडून आलेला तो पहिला होकार होता असं मी धरून चालले.

पहिल्या सुईच्या वेळी मी न्हाणीघरात आरशाकडे पाठ करून उभी राहिले. पेनसारखं दिसतं ते, मागची चकती फिरवायची, पोटाला टेकवायचं, दाबून धरायचं. नाभीपासून चार बोटं दूर. तिथे किती वर्षांत मी नीट हात लावला नव्हता. आंघोळीत साबण फिरतो तेवढंच. बोटांनी जागा चाचपताना कातडी मऊ लागली, कोमट, कुणा दुसऱ्याच माणसाची असावी तशी, आणि मला आमच्या शाळेची व्यायामशाळा आठवली. वर्षातून एकदा परिचारिका यायची, सगळ्या मुलींना रांगेत उभं करून काट्यावर चढवायची आणि आकडा मोठ्यानं ओरडायची, कारण लिहिणारी बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली असे. माझा आकडा ती दोनदा ओरडली, कारण लिहिणारीला खरा वाटेना. त्या शनिवारी थोरकिलनं आपल्या वाटच्या गोड गोळ्यांची पुडी टेबलाखालून माझ्या मांडीवर सरकवली. आम्हाला गोळ्या फक्त शनिवारी मिळत. तो सहा वर्षांचा होता. मला रडू येतंय हे त्याला कळलं होतं, आणि रडण्यावर त्याला तेवढा एकच उपाय माहीत होता. मी त्या सगळ्या खाल्ल्या. सुई टोचली ते कळलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं इतकं सोपं नव्हतं. मात्रा वाढली त्या महिन्यात सकाळी उठलं की जहाजावर असल्यासारखं वाटे. ढेकर यायची ती सडक्या अंड्याच्या वासाची. एका बाईच्या कानात वाकून बघत असताना आली आणि मी दोष खिडकीबाहेरच्या गटाराला दिला. पोट साफ होईना. संध्याकाळी सहाला डोळे मिटत. हात गार पडायचे, केस विंचरताना फणीत जास्त येऊ लागले. ट्रोल्स म्हणाला, थोडं थोडं खा, तळलेलं टाळ, पाणी पी, आणि भूक नसली तरी जेव, नाहीतर चरबीऐवजी ताकदच जाईल. भूक नसली तरी जेव! हे वाक्य मला उद्देशून कोणी बोलेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी डब्यातला हेरिंगचा तुकडा औषधासारखा घड्याळ लावून खाऊ लागले. आणि खरं सांगायचं तर त्या मळमळीबद्दलही मी आभार मानत होते. एरवी संध्याकाळी सोफ्यावर बसले की डोक्यातल्या त्या आवाजाशी भांडण्यात रात्र जायची. आता मी बसून असे आणि मला अचानक वेळ असे. मी थोरकिलसाठी मोजे विणायला घेतले. कसे विणायचे ते अर्धं विसरले होते.

मार्चमध्ये आईला ऐंशी वर्षं झाली. आई अजून दक्षिणेला, जर्मन सीमेजवळच्या आमच्या गावी राहते, आणि तिकडे वाढदिवस म्हणजे कॉफीची पंगत. सात मऊ केक आणि सात कडक. आधी लोणी लावलेले बन, मग क्रीमचे थर, काळ्या पावाचा केक, सफरचंदाचा केक, आणि शेवटी कडक बिस्किटांच्या थाळ्या. प्रत्येक प्रकार ताटात घ्यायचाच, न घेणं म्हणजे करणारीचा अपमान. शिवाय आमच्या भागात पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं; लगेच हो म्हणणारा हावरट. त्यामुळे नकोला तिथे कुणी विचारतच नाही. ही अडचण माझ्या लक्षात पंगतीत बसेपर्यंत आली नव्हती. इतकी वर्षं मला नको म्हणायची गरजच पडली नव्हती. "नको गं आई," मी पहिल्या केकला म्हणाले. आईनं तुकडा वाढला. "नको, खरंच नको." तिनं त्यावर क्रीम वाढलं. "आई, मला खरोखर नको आहे." "कळलं गं, कळलं," आई म्हणाली आणि खूश होऊन दुसरा तुकडा वाढला, एवढी संकोची मुलगी तिला कधी मिळालीच नव्हती. शेजारी थोरकिल, त्याला पाणीसुद्धा मोजून प्यायचं, केळं नाही, चॉकलेट नाही, सुकामेवा नाही. त्याच्या ताटाला कोणी हात लावत नव्हतं. आजारी माणसाचा नकार लोकांना खरा वाटतो. मी मात्र धडधाकट दिसत होते. सुई आदल्याच दिवशी घेतलेली, वाढवलेल्या मात्रेची. इंजेक्शनचं आईला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की किडनीचं सांगावं लागणार, आणि ते जमलं नाही तर ती दोनदा खचली असती. म्हणून मी खाल्लं. सात मऊ. चार कडक. पाचव्याला मी उठले, मागच्या दारानं बाहेर गेले आणि हायड्रेंजाच्या वाळक्या झुडपांमागे सगळं ओकून टाकलं.

आई मागोमाग आली होती, हातात केक वाढायची उलथनी तशीच. "या वयात दिवस गेले का काय तुला?" ती म्हणाली. मी हसायला गेले तर पुन्हा उलटी आली. मग वाकलेली असतानाच तिला सगळं सांगितलं, इंजेक्शन, सोळा किलो, थोरकिल, सगळं, खाली मातीकडे बघत. मला वाटलं, आता म्हणेल, दोन्ही मुलं एकदम ऑपरेशनच्या टेबलावर घालायची का मी? तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, उलथनीचं क्रीम माझ्या कोटाला लागलं, आणि म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का? मी लहान तुकडे वाढले असते." ती थट्टा करत नव्हती. तिच्या जगात याहून मोठी सवलत नाही. आत गेल्यावर तिनं माझं ताट उचललं आणि सगळ्या नातेवाइकांसमोर रिकामं माझ्यापुढे ठेवलं. त्या रिकाम्या ताटाकडे बघत मी पुढचा तासभर बसले, आणि माझ्या आईनं माझ्यासाठी इतकं काही कधी केलं नव्हतं असं मला वाटत राहिलं. निघताना थोरकिल गाडीत म्हणाला, "झुडपांमागे काय चाललं होतं ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "एवढं करू नकोस गं माझ्यासाठी." "मग हो म्हण." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं होती. "हो," तो म्हणाला.

त्यानंतर वजन खरंच उतरू लागलं. वसंतात माझी गळ्याची हाडं दिसायला लागली; बसमध्ये बसून मी त्यांना हात लावून बघायचे, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. कामावरचे लोक स्तुती करू लागले. वर्षानुवर्षं मला गुड मॉर्निंगही न म्हणणारा खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला आता माझ्यासाठी दार धरून उभा राहायला लागला. मला ते आवडायचं आणि त्या आवडण्याचा रागही यायचा, कारण आधीची बाई काय दारातून जात नव्हती? पण कोणी विचारलं, कसं केलंस, की मी लगेच म्हणे, इंजेक्शन, भावासाठी, किडनी द्यायची आहे. चेहरे एकदम बदलत. आळशांचं औषध म्हणणारे हात छातीवर ठेवत. किती मोठं मन, म्हणत. मी ते वाक्य तिकिटासारखं दाखवत फिरत होते. स्वतःसाठी बारीक व्हायचं आहे, जिना चढताना गुडघे दुखू नयेत असं वाटतं, डोक्यातला तो आवाज बंद हवा आहे, असं म्हणायची माझी छाती नव्हती. आमच्या गावात स्वतःसाठी काही मागणाऱ्या माणसाबद्दल जेवणाच्या टेबलावर हळू आवाजात बोलत. एकदा सायकलवरून घरी येताना मनात आलं, थोरकिल आजारी पडला नसता तर मला हे कधीच मिळालं नसतं. मी सायकल थांबवली आणि खाली उतरले. असा विचार करणाऱ्या बाईची किडनी त्याच्या पोटात जाणार होती.

जुलैत दोन किलो राहिले होते. मंगळवारी दुपारी, मी एका आजीच्या कानाचा साचा घेत होते, फोन वाजत राहिला. थोरकिल कधी लागोपाठ तीनदा फोन करत नाही, म्हणून घेतला. "सोल्वाइ, मला बोलावलंय," थोरकिल म्हणाला. आवाज इतका बारीक की मला वाटलं काही बिघडलं. "मिळालीय. कुणाची तरी. जुळतेय. टॅक्सीत आहे मी." मी म्हणाले, "कुणाची?" किती मूर्ख प्रश्न. "ते कसं सांगतील? आज कुणीतरी गेलं असेल." आजीच्या कानात साचा घट्ट होत होता, ती म्हणाली, "काय झालं गं, कोणी मेलं का?" आणि मी म्हणाले, हो. मग म्हणाले, नाही. आनंद झाला, पण तो पहिला नव्हता. पहिल्यांदा मनात आलं ते हे, आणि ते जसं आलं तसंच सांगते: मग माझं काय? माझे चौदा किलो, माझी मळमळ, रद्द केलेला समुद्र, माझी नमुनेदार किडनी, तयार ठेवलेली. पाहुण्यांसाठी दिवसभर रांधलं आणि ते शेजारच्या घरी जेवून आले, तशी मी हिरमुसले. अर्ध्या मिनिटानं मी आजीच्या समोरच खाली जमिनीवर बसले. ती खुर्चीतून वाकून माझ्या डोक्यावर थोपटत राहिली, कानात साचा तसाच. आज कुणाच्या तरी घरी टेबलाभोवती माणसं बसली असतील आणि त्यांनी हो म्हटलं असेल, एका अनोळखी ट्रकवाल्यासाठी. पहिल्या विचारण्यालाच. मी त्या माणसांचे आभार मानले, नाव माहीत नसताना, गावही माहीत नसताना, मोठ्यानं. आजीला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा आवाज घोगरा होता. "मी मुतलो," थोरकिल म्हणाला. वर्षभर थेंब नव्हता. "पिशवी भरली गं! नर्सनं टाळी दिली." आम्ही दोघं फोनवर रडलो आणि हसलो, आणि आईला त्यानं हेच शब्द वापरून सांगितलं म्हणून ती थोडा वेळ रागावली होती. मग आई मला म्हणाली, "आता तूही सुटलीस हो. रविवारी ये, काळ्या पावाचा केक करते." ट्रोल्सनंही निरोप पाठवला की माझी फाइल बंद करतोय, मनापासून आभार. सगळ्यांनी मला मोकळं केलं. शुक्रवारी सकाळी मी फ्रिज उघडला आणि पेन हातात घेऊन उभी राहिले. आता माझ्याकडे कारण नव्हतं. बंद केलं तर तो आवाज परत येईल, बहुतेक वजनही येईल. सुरू ठेवलं तर महिन्याचे ते पैसे, ती मळमळ, आणि कुणी विचारलं तर दाखवायला काही नाही. टोचायचं धाडस झालं नाही. टाकून द्यायचंही नाही. पेन पर्समध्ये टाकलं आणि दवाखान्यात गेले.

थोरकिल उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता, कानांच्या पाळ्यासुद्धा गुलाबी. अंगात नळ्या, पायात मी विणलेले मोजे, एक लांब एक आखूड. "आता ती सुई बंद कर," तो म्हणाला, "पैसे वाचव. समुद्रावर जा. माझं काम झालं." मी पर्समधून पेन काढलं. "अगं, झालं म्हणतोय ना," तो म्हणाला, "आता कुणासाठी?" मला शाळेची ती व्यायामशाळा आठवली, दोनदा ओरडलेला माझा आकडा आठवला, आणि कान तापले. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा बघत होता. मी सदरा वर केला. पोट अजून मोठंच होतं, आता सैल पडलेलं, रेघा रेघांचं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

त्याच्या तोंडावर काहीतरी थट्टा आली होती, ती त्यानं गिळली. माझ्या पोटाकडे बघत राहिला, जिथे त्याची होणार होती ती किडनी आता माझीच राहिली होती. मग हळूच, टाके सांभाळत, तो भिंतीकडे सरकला आणि खाटेवर मला जागा करून दिली. मी बसले आणि सुई टोचली.